ईस्टरसाठी नवं तोंड

२० फेब्रुवारी

इंगुनचा निरोप आला. ईस्टरला डोंगरातल्या घरी येते म्हणाली, ओदाला घेऊन. तीन वर्षांनी माझ्या मुलीला आठवलं की आपल्याला आई आहे आणि ती अजून मेलेली नाही. मी "ये" एवढंच लिहून पाठवलं. आधी बराच मोठा मजकूर लिहिला होता, तो पुसला. पुसायला अर्धा तास लागला.

तीन वर्षांपूर्वी ती त्याच घरातून, आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सामान भरून निघून गेली होती. कारण काय, तर मी म्हणाले, नवरा सोडून जातो तेव्हा बाईनं एकदा आरशात बघावं. बास, एवढंच. तिच्या भल्यासाठी बोलले. एकतीस वर्षं मी अन्न तपासणी खात्यात काढली. हॉटेलांच्या भटारखान्यात शिरायचं आणि झुरळ दिसलं की झुरळ म्हणायचं, हेच माझं काम. लोक रडायचे, पण दुसऱ्या खेपेला फरशी लख्ख असायची. माझी मुलगी नुसतीच रडली.

संध्याकाळी फोनच्या पडद्यावर ओदा दिसली. नऊ वर्षांची झाली. पहिलं वाक्य काय, तर "आजी, तुझ्या गालाला चॉकलेट लागलंय." मी पुसलं. "अजून आहे," ती म्हणाली. मागून इंगुनचा आवाज आला, "ओदा, ते वयाचे डाग आहेत. असं बोलू नये कुणाला." चौसष्ट हे काय वय झालं? आणि माझ्या घरच्यांनी मला कधीपासून सांभाळून घ्यायला सुरुवात केली?

२४ फेब्रुवारी

वेंके कॉफीला आली. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण आहे, म्हणून मैत्रीण म्हणायची. तिचा चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा तुकतुकीत दिसतोय गेल्या पानगळीपासून. मी विचारणार नव्हते, पण तिनंच सांगायला सुरुवात केली. ही बाई न विचारता पित्ताशयाची शस्त्रक्रियासुद्धा सांगते.

"अगं टोरिल, पील म्हणतात त्याला. आम्ल लावतात, वरची कातडी सुटते, खालून नवी येते."

"म्हणजे बटाट्यासारखं."

"हस तू. पण आधी आपली त्वचा कुठल्या प्रकारची आहे ते बघावं लागतं. सहा प्रकार असतात. चुकीचं आम्ल लागलं की वाट लागते. माझी नसरीन आहे ना, ती आधी तासभर नुसती बघत बसते."

तासभर वेंकेचं तोंड बघत बसायचं म्हणजे त्या मुलीच्या सहनशक्तीला दाद द्यायला हवी. फोन नंबर मात्र मी घेतला. इंगुन येणार, तर तिला काय दिसावं? टाकून दिलेली, डागाळलेली म्हातारी? आईची कीव करायला ती दोन दिवस थांबेलही, पण कीव मला नको आहे.

२८ फेब्रुवारी

गेले त्या नसरीनकडे. तिशीची असेल. आईबाप इराणातून आलेले, असं वेंके सांगत होती. ती मात्र आपल्या हामार शहरातलीच असल्यासारखी बोलते. तोंडावर दिवा धरून तिनं इतके प्रश्न विचारले की मला माझ्या तपासण्या आठवल्या.

"उन्हात गेलात की आधी लाल होता की सावळ्या?"

"लाल. मग जरा तांबूस."

"तांबूस किती दिवसांनी?"

"मोजत नाही बसले मी."

"तुमची दुसऱ्या प्रकारची त्वचा. पातळ, नाकाजवळ बारीक शिरा फुटलेल्या." मग तिनं सगळं समजावलं. तेलकट, मुरुमांच्या कातडीला एक आम्ल, कोरडीला दुधातलं, सावळीला जहाल आम्ल लावलं तर उलटे काळे डाग उमटतात, म्हणून तिथे फार जपून. मला म्हणे बदामातलं, अगदी सौम्य, तीन-तीन आठवड्यांनी चार वेळा. बदाम. मी केक करायला आले नव्हते.

वर विचारते, "ईस्टरला कुठे असाल?"

"डोंगरात. आणखी कुठे जातं माणूस?"

तिनं दिवाच विझवला. "मग आत्ता काहीच नको. ऑक्टोबरमध्ये या. बर्फावरून ऊन खालूनही तोंडावर येतं. नवी कातडी ते सोसत नाही."

"मुली, त्या उन्हात मी चौसष्ट ईस्टर काढलेत."

"तेच दिसतंय गालावर," ती हसत म्हणाली. आणि खुशाल तिचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. बर्फ काय असतो ते आता ही मला शिकवणार. कार्ड पिशवीत टाकलं, केराचा डबा जवळ नव्हता म्हणून.

११ मार्च

सरोवराच्या पलीकडच्या गावात जाऊन आले. तिथेही पील करतात, आणि तिथे बोलबच्चन नाही. भुवया कपाळावर चढलेला एक पोरगेला माणूस आला आणि त्यानं अर्ज पुढे केला. अर्ज कसा भरायचा ते मला कुणी शिकवायला नको.

त्वचेचा प्रकार: मी तिसऱ्यापुढे खूण केली. दरवर्षी ईस्टरनंतर कचेरीत माझ्याइतका तांबूस रंग कुणाचाच नसायचा, दुसरा प्रकार कसला? पुढच्या सहा आठवड्यांत उन्हाच्या ठिकाणी प्रवास: नाही. ऊन म्हणजे कॅनरी बेटं. तिथे जाऊन आपली माणसं लाल होऊन पडतात आणि दुपारी तीनला बिअर पितात. मी जन्मात तिकडे पाऊल ठेवलं नाही. त्या पोरग्यानं विचारलं, "ईस्टरला दक्षिणेला वगैरे नाही ना जात?" मी म्हटलं, "मी तशातली बाई वाटते का तुम्हाला?" तो खूश झाला.

मधलं आम्ल लावलं, सौम्यही नाही आणि फार जहालही नाही. आग आग झाली. पंखा धरला तोंडापुढे. आरशात पाहिलं तर जुन्या चीजवर बुरशी यावी तशी पांढरी झाक. असं चीज मी जप्त केलं असतं.

१४ मार्च

तोंड तपकिरी झालंय आणि ताणल्यासारखं वाटतंय. हनुवटीपासून सुटायला लागलंय. ओढायचं नाही असं कागदावर लिहिलंय. मी थोडंसंच ओढलं.

वेंके दारात आली. "अगं बाई, सापासारखी झालीस. ईस्टर दोन आठवड्यांवर आला, नसरीननं करूच कसं दिलं?" मी म्हटलं, नसरीनला देशात एकटीलाच आम्ल सापडतं का? मग तिनं गाल फुगवले आणि न बसता गेली. बरं झालं, केक वाचला.

१९ मार्च

सगळं सुटलं. खालची कातडी गुलाबी, तान्ह्या बाळासारखी. गालावरचा तो डाग गेला. पी हळद नि हो गोरी असं लोक हिणवून म्हणतात, पण झालेय की गोरी. चार वेळा, तीन-तीन आठवडे, बदाम आणि ऑक्टोबर. लोकांना हेलपाटे घालायला लावण्याचा धंदा सगळा.

कागदावर अजून बरंच काही होतं. जाड क्रीम लावा, टोपी घाला, सावलीत राहा. मार्चमध्ये या देशात सावली सोडून असतं काय? कॉफीचा चोथा त्या कागदात बांधून टाकला.

बराच वेळ आरशापुढे होते. इंगुनचा चेहरा माझ्यासारखा आहे, हे आज पहिल्यांदा दिसलं.

२५ मार्च

काल डोंगरात आले. दारातला बर्फ उपसला, चूल पेटवली, गाद्या उन्हात टाकल्या. संत्री दोन जाळ्या, कोकराची तंगडी, तपकिरी चीज, आणि ईस्टरला इथे सगळेच वाचतात तशी एक खुनाची कादंबरी. तिसाव्या पानावरच मला खुनी कळला. लेखकांना वाटतं वाचक बिनडोक असतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

वाऱ्यानं गाल चुरचुरतात. नवं आहे म्हणून असेल.

२६ मार्च

आल्या. ओदानं गाडीतून उतरल्या उतरल्या माझ्याकडे पाहिलं. "आजी, चॉकलेट गेलं." या मुलीला डोळे आहेत. इंगुनही बघत होती.

इंगुननं केस कापलेत, मुलासारखे. मी कौतुकानंच म्हणाले, "नवऱ्याबरोबर केसही गेले वाटतं." गंमत होती. वेंकेसुद्धा हसली असती. इंगुननं बॅग खाली ठेवली आणि उघडलीच नाही. जेवताना तिनं मीठ मागितलं, एवढंच संभाषण. नंतर माळ्यावरून तिचा आवाज ऐकू आला. लाकडी घरात काही लपत नाही. "शुक्रवारी निघू या आपण. जमलं तर आधीच."

यावेळी गेली तर पुन्हा येणार नाही. मी मूर्ख नाही, एवढं मला कळतं. ओदा पुढच्या वेळी भेटेल तेव्हा माझ्या अंत्यविधीला काळे बूट घालून भेटेल. एका वाक्यासाठी एवढं? आणि वाक्य तरी काय वाईट होतं? दहा वेळा उलटसुलट करून पाहिलं, मला काही सापडत नाही.

२७ मार्च

आभाळ निळंशार, एक ढग नाही. दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ लावून बसले, रेनडिअरचं कातडं खाली घालून. ईस्टरला इथे सगळे असेच बसतात, चेहरा वर करून, डोळे मिटून. माझी आई बसायची, तिची आई बसायची. या दिवशी आत बसणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर बिनडोंगरी देशातला डॅनिश.

दहा वाजता इंगुन बाहेर आली आणि शेजारी बसली. तिनं संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. ओदा उतारावर स्की घेऊन पडत होती, उठत होती. आम्ही तिच्याकडे बघत होतो. बारा वाजता तोंडाची आग व्हायला लागली. मी उठले असते तर इंगुनही उठली असती, आणि आत गेल्यावर काय, पुन्हा मीठ.

"आई, तुझं तोंड फार लाल झालंय. क्रीम लाव."

"क्रीम शहरातल्यांनी लावावं."

"तू हामार शहरातच राहतेस."

मी डोळे मिटून घेतले. ती बसून राहिली. चार वाजेपर्यंत बसलो.

२८ मार्च

डोळे उघडत नाहीत. फट आहे तेवढ्यातून लिहितेय, ओळ वाकडी जात असेल. तोंड सुजून भोपळा झालंय. गालावर फोड. ओठ फुटलेत, शब्द काढला की रक्त येतं.

इंगुननं माझी पिशवी उपसली, औषध शोधायला. कार्ड सापडलं. सुट्टीचा दिवस, सगळा देश बंद, आणि हिनं त्या नसरीनला घरी फोन लावला. तिनं उचलला. फोन स्पीकरवर ठेवला होता. केव्हा केलं, कुठलं आम्ल, डोळ्यांना दिसतंय का, ताप आहे का. थंड ओली फडकी, साधं व्हॅसलीन, फोड फोडायचे नाहीत, खिडकीपासून दूर, आणि तातडीच्या डॉक्टरला आजच दाखवा. मी वाट बघत होते की आता म्हणेल, सांगितलं होतं. म्हणालीच नाही. उलट विचारलं, "फार दुखतंय का त्यांना?" हात दाखवून अवलक्षण ते माझं, आणि वर त्या मुलीचा चांगुलपणा सोसायचा.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. वर आणखी एक गोष्ट सांगितली, तोंड हलवायचं नाही. बोलणं बंद.

३० मार्च

पडदे ओढलेल्या खोलीत तिसरा दिवस. सूज उतरतेय. ओठांवर खपली आहे, नळीतून सूप पितेय. नळी कागदाची आहे, ओदाच्या सरबताची.

काल शुक्रवार होता. गेल्या नाहीत. रस्त्यावर गर्दी असेल म्हणून, बहुतेक.

ओदा कादंबरी वाचून दाखवते. वाचताना अडखळते, आणि प्रत्येक पानावर नव्या माणसावर संशय घेते. पोस्टमन, मग डॉक्टर, मग विधवा. "आजी, विधवाच ना?" मला खुनी ठाऊक आहे. सांगायला गेले तर ओठ फुटेल. मी खांदे उडवले. आजीलाही कळत नाहीये याचा तिला केवढा आनंद झाला. आज दोनशे पानं झाली. माझ्या पायावर पाय टाकून वाचते, पाय गार असतात तिचे.

इंगुन दर तासाला फडकं बदलते. आधी गप्पच बदलायची. काल दुपारी बोलायला लागली. म्हणाली, "चौदाव्या वर्षी माझं तोंड असंच होतं, आठवतंय? फोडांनी भरलेलं. पाहुणे आले की तू म्हणायचीस, इंगुन, वर जा. मी माळ्यावर बसून खालचं हसणं ऐकायचे."

माझ्याजवळ तीन उत्तरं होती. एक, पाहुणे माझे साहेब होते. दोन, मी तिला डॉक्टरकडेही नेलं होतं. तिसरं आता आठवत नाही. ओठ हलवले तर चर्रकन दुखलं. ती थांबली, वाट बघितल्यासारखी. मग पुढे बोलली. नवरा गेला तेव्हा दोन महिने तिनं घरातले आरसे झाकले होते म्हणे. ओदाला सांगितलं, रंगकाम चाललंय. हे मला कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक आहे.

फडकं ठेवायला तिनं हात पुढे केला. मी तो धरला. बोलता येत नव्हतं, दुसरं करणार काय?

१ एप्रिल

गेल्या, ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा. गाडीत बसण्यापूर्वी इंगुननं माझ्या कपाळाला ओठ लावले, तिथली कातडी जरा शाबूत आहे म्हणून. "आई, यावेळी किती छान गेले गं दिवस," असं ती म्हणाली. माणूस सोलून निघालं आणि हिला छान गेले. हवा चांगली होती, त्याचा परिणाम.

कादंबरी इथेच राहिली. खुनी कळल्यावर ओदा किंचाळली होती. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

१२ एप्रिल

नसरीनकडे गेले, ओशाळून वगैरे नाही, तपासायला. एका डागाच्या जागी तीन झालेत. सहा महिने सावली, टोपी, जाड क्रीम. तिनं आम्लाचं नावसुद्धा काढलं नाही.

"ओठ मात्र छान भरून आलेत. आता मनसोक्त बोला."

तिच्यासाठी माझ्याजवळ काहीतरी होतं, येताना गाडीत तयार केलेलं. ते बोललेच नाही. ऑक्टोबरची तारीख घेतली. बदाम तर बदाम.

२१ एप्रिल

सकाळी वेंकेला तासभर सुनावलं. तिनं जिन्यात सायकल लावली होती. खणखणीत आवाज निघाला, दोन मजले ऐकत होते. ओठांना काही झालं नाही.

दुपारी इंगुनचा फोन आला.

"आई, अजून बोलताना दुखतं का गं?"

"हो," मी म्हणाले.

असं का म्हणाले कोण जाणे. "मग तू नको बोलूस," ती म्हणाली, "मी बोलते." आणि बोलत बसली. कुणीतरी पुरुष भेटलाय तिला. पाव भाजतो, तीन मुलं आहेत, आणि त्याला स्की येत नाही. तीन मुलांचा भटारखान्यातला माणूस. माझ्या जिभेवर चार वाक्यं आली, एकापेक्षा एक. मी टेबलाची कड घट्ट धरली. ती सांगत होती की तो हसतो कसा, ओदाचे केस विंचरतो कसा. पाऊण तास. तिचा आवाज असा असतो, खळखळून चाललेला, हे मला माहीतच नव्हतं. अडतीस वर्षांची आहे ती.

शेवटी म्हणाली, "जूनमध्ये ये आमच्याकडे. आठवडाभर राहा. तो असेल. तोपर्यंत बरे होतील ना ओठ?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले.